दोरवालीचं पुढे काय झालं

होड्या वर आल्या की माझं डोकं फिरतं. दरवर्षीचं आहे हे. मासेमारीची बंदी लागते, कोळीवाड्यातली माणसं ओरडत, एकमेकांना शिव्या घालत एकेक होडी ओढून वर घेतात, तिच्यावर निळी ताडपत्री टाकतात, दोऱ्या करकचून आवळतात, आणि मुरुडचा किनारा गप्प होतो. पर्यटक कधीच गेलेले असतात. आमच्या छोट्याशा लॉजच्या खोल्यांमधल्या गाद्या मी उभ्या करून भिंतीला लावते, पंखे फुल सोडते, धूप फिरवते, तरी कुबट वास जात नाही तो नाहीच. मग हाताला काम उरत नाही. आणि काम नसलं की तो पावसाळा आठवतो, ज्यात मी, शेजारचा नदीम आणि नदीमची अम्मी एका जपानी गेमची वाट बघत बसलो होतो.

यंदा तर जास्तच. गादी उचलत होते आणि फोन थरथरायला लागला, थांबेचना. त्याच गेमच्या मालिकेचा नवा भाग जाहीर झाला होता. जेमतेम मिनिटभराची चित्रफीत. समुद्र, एक दीपगृह, पाठमोरी मुलगी, संपलं. पण तेवढ्यावर आमचा चाहत्यांचा ग्रुप पेटला. लेखक तेच आहेत की बदलले? मागच्या भागाइतकं सकस लिहितील का? का यांनाही आता त्या दुसऱ्या मालिकेची हवा लागली आणि सगळी पात्रं भाषणं ठोकत सुटणार? नागपूरचा एक जण म्हणाला, दीपगृह दाखवलंय म्हणजे कथा उत्तरेला जाणार. मी गादी तशीच आडवी टाकली, तिच्यावर बसले आणि भांडायला लागले. केस पांढरे व्हायला लागलेत माझे, लॉजवर येणारी पोरं मला काकी म्हणतात, पण या विषयावर कोणी चुकीचं बोललं की मला राहवत नाही बाई.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांना वाटतं, गेम म्हणजे ढिशुम ढिशुम. या गेमांमध्ये तेही असतं, पण थोडं. खरं तर ती एक जाडजूड कादंबरी असते, जिच्यात आपण चालत फिरायचं. गावं असतात, बोटी असतात, माणसं असतात, त्यांच्याशी जाऊन बोलायचं. ती बोलतात ते पडद्यावर खाली अक्षरांत येतं, ते वाचायचं. महिना महिना पुरते एक गोष्ट. मूळ जपानी, आपल्याकडे पोचते इंग्रजीत.

आमच्या दोन मालिका होत्या. त्यांची खरी नावं लांबलचक, ती जाऊ देत. आम्ही एकीला ‘सिंहासन’ म्हणायचो आणि दुसरीला ‘बंदर’. सिंहासन दिसायला देखणी. डोळे दिपायचे. त्यात दर वेळी जगाचा नाश जवळ आलेला असायचा आणि एक केसाळ पोरगा तो थांबवायला निघायचा. बंदर दिसायला अगदी साधी, पण लिखाण! त्यातल्या गावात पाववाली असायची, पोस्टमन असायचा, भांडखोर नवरा-बायको असायची, आणि गोष्ट एक पाऊल पुढे सरकली की या सगळ्यांचं बोलणं बदलायचं. आज पाववाली मुलीच्या परीक्षेची काळजी करतेय. तुम्ही डोंगरावरून एक लढाई मारून आलात की ती म्हणणार, पोरगी नापास झाली, खोलीचं दार उघडत नाही. कोणी तुम्हाला ते वाचायला लावत नाही. तुम्ही तिच्याकडे गेलाच नाहीत तर ते वाक्य कायमचं गेलं. म्हणून बंदरच्या चाहत्यांचा एक शिरस्ता आहे. गोष्ट पुढे ढकलायच्या आधी सगळं गाव पुन्हा फिरायचं. प्रत्येक दार. प्रत्येक माणूस. बाहेरच्याला हा शुद्ध वेडेपणा वाटतो, आणि आहेही.

नदीम हा वेडेपणा नमाजाच्या शिस्तीने पाळायचा. तो माझा शेजारी, लहानपणापासूनचा. नोकरी न्हावा शेव्याला, कंटेनर यार्डात. सुट्टी मिळाली की एसटीने घरी. गेमचं यंत्र तो घरीच ठेवायचा, अम्मीच्या जुन्या ओढणीत गुंडाळून, कारण आमच्याकडच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही आणि तारांची तोंडं हिरवी पडतात. आल्या आल्या टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन तो ती तोंडं घासत बसायचा. अम्मी दारातून म्हणायची, “माझी चौकशी नंतर. आधी त्याचे दात घास.”

तिला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. तिच्या तोंडून मी कधी गोड शब्द ऐकला नाही, आणि तिच्याकडून कधी उपाशी परतले नाही. ती या गोष्टीत शिरली ती सोडे साफ करता करता. पुढ्यात सुपात सुकी कोलंबी, पलीकडे आम्ही दोघं पडद्यासमोर. इंग्रजी तिला येत नव्हतं. एकदा नदीम आणि मी काहीतरी वाचून खो खो हसलो, तेव्हा ती चिडून म्हणाली, “माझ्याच घरात बसून माझ्याशिवाय हसताव. सांगा की काय ते.” नदीमने सांगितलं. त्या दिवसापासून तो सांगतच राहिला. ओठ हलवत मनात वाचायचा आणि मग घरच्या बोलीत म्हणून दाखवायचा. पाववाली आमच्या गल्लीतल्या बाईसारखी बोलायची, दरोगा अलिबागच्या कोर्टातल्या बेलिफासारखा. खालाची मतं ठाम असायची आणि कित्येकदा साफ चुकीची. एका भल्या माणसाला ती तीन भाग चोर समजत होती, शेवटपर्यंत तिने त्याला माफ केलं नाही. सिंहासन मात्र तिला कधी रुचली नाही. एकदा अख्खा दरबार बघून झाल्यावर तिने विचारलं, “ही मानसं जेवतात कधी रे? येवढं बोलतात, कोनाच्या घरात चूल पेटलेली दिसत न्हाय.”

मी तेव्हा सिंहासनच्या बाजूने होते. मला मोठं, भव्य, रडवणारं आवडायचं. नदीमशी तासन्‌तास वाद घालायचे. तो म्हणायचा, सिंहासनचे लेखक तुला रडायला सांगतात, म्हणून तू रडतेस. मी म्हणायचे, आणि तुझे लेखक? पोस्टमनच्या गुडघेदुखीवर पानं खर्ची घालतात! आज त्याच मुद्द्यांवर मी ग्रुपवर अनोळखी पोरांना झोडपते, फक्त आता नदीमची वाक्यं माझ्या तोंडात असतात.

बंदरच्या पहिल्याच भागात धक्क्यावर एक बाई आहे. दोर विकते. तिला नाव दिलेलं नाही, म्हणून आम्ही तिला दोरवाली म्हणायचो. तिचा नवरा एका जहाजावर गेलाय आणि ते जहाज आलेलं नाही. पहिल्या भागात ती एवढंच म्हणते की वारा फिरला की येईल. दुसऱ्या भागात तुम्ही त्या धक्क्यावर परत जाता तेव्हा ती तिथेच, जरा वाकलेली, आणि दोराचे भाव सांगते, नवऱ्याचं नावच काढत नाही. मुख्य कथेशी तिचा काहीएक संबंध नाही. पण खालाने तिला धरून ठेवलं. प्रत्येक भाग सुरू झाला की पहिला प्रश्न, “ती बाई हाय ना?” तिसऱ्या भागाच्या अगदी शेवटी, सगळं संपल्यावर, चित्र एकदा धक्क्यावरून फिरतं. दोरवाली उभी आहे. लांब पाण्यावर एक शीड दिसतं. आणि पडदा काळा.

“म्हंजे?” खाला ओरडली होती. “कोनाचं हाय ते जहाज?”

“ते पुढच्या भागात, अम्मी.”

“कधी येनार तो?”

पुढच्या भागाची आम्ही वर्षानुवर्षं वाट बघितली. वाट बघणं हाही चाहत्यांचा एक उद्योगच असतो. कुठे लेखकाने अर्धं वाक्य बोललं की त्याचा कीस काढायचा, एका चित्रावरून तर्क लढवायचे, जुने भाग पुन्हा खेळून पुरावे काढायचे. खालाच्या घरात या वाटेला आणखी एक रंग होता. तिचा नवरा, नदीमचे अब्बा, कुवेतला होते. उमेदीची सगळी वर्षं. दोन वर्षांतून एकदा यायचे, अत्तराच्या बाटल्या आणि घोंगड्या घेऊन, आणि नदीम लहानपणी त्यांना बघून दाराआड लपायचा. नोकरी संपल्यावर कायमचे परत आले, काही वर्षं ओटीवर बसले आणि गेले. खाला त्याबद्दल फार बोलायची नाही. एकदाच म्हणाली होती, “माझा आला. म्हातारा होऊन आला, पन आला.”

नव्या भागाची तारीख जाहीर झाली आणि मग पुढे गेली. हिवाळ्यात येणारा भाग पावसाळ्यावर ढकलला. ग्रुपवर रडारड. मी तर कंपनीला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. खालाला सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, “लिवू दे त्याना नीट. घाईत लिवलेला काय कामाचा?”

त्या हिवाळ्यातच तिच्या पोटात पाणी व्हायला लागलं. आधी अलिबागला नेलं, मग मुंबईला, मग पुन्हा अलिबागला. पाणी काढायचे, ते पुन्हा भरायचं. होड्या वर यायच्या सुमारास डॉक्टरांनी नदीमला बाजूला घेतलं आणि घरी न्या म्हणाले. घरी न्या याचा अर्थ काय असतो ते घरी नेणाऱ्याला बरोबर कळतं. नदीमने बिनपगारी रजा टाकली आणि तो मुरुडला येऊन राहिला. आणि त्याच पावसाळ्यात गेम आला.

ते दिवस मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतात. खिडकीशी ओढलेली खाट. तिच्या पायांची सूज, आणि तेल लावताना बोट दाबलं की पडणारा खड्डा. वीज जायची, इन्व्हर्टर कुरकुरायचा, आणि नदीम घाईघाईने गेम सेव्ह करायचा. मी सकाळी पेज करून न्यायचे. ती दोन चमचे घ्यायची आणि म्हणायची, मीठ कमी हाय. मीठ तिला बंद होतं. बाहेर माडांच्या झावळ्या एकमेकींवर आपटत असायच्या, आणि आत नदीमचा आवाज, पाववाली, पोस्टमन, दरोगा, पुन्हा पाववाली. पाववालीची पोरगी या भागात शिक्षिका झाली होती. खालाला त्याचा केवढा आनंद झाला! नात पास झाल्यासारखी तिने मला साखर वाटायला सांगितली.

आणि रोज, डोळे उघडले की, “भेटली काय रे ती बाई?”

“येईल, अम्मी. अजून दोन गावं हायत.”

दोन गावं संपली की आणखी दोन निघायची. कारण नदीम गाव सोडतच नव्हता. लढाई झाली की पुन्हा सगळी दारं, पुन्हा सगळी माणसं, विहिरीवरची म्हातारी, तबेल्यातला मुका, सगळे. एक ओळ सोडत नव्हता. मला दिसत होतं की खाला रोज थोडी थोडी आत जातेय. बोलताना मध्येच थांबायची. नखं पिवळी पडली होती. आणि हा शहाणा एका न्हाव्याशी चौथ्यांदा बोलत होता.

एक दिवस मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

“नदीम, आज तिच्याकडे बघितलंस का नीट?”

“मी बघतो गं. तुझ्यापेक्षा जास्त बघतो.”

“मग सरळ धक्का गाठ ना. मधली गावं सोड. न्हावी कुठे पळून नाही चालला.”

“तसं केलं तर त्या प्रसंगाला काही अर्थ राहील? मधल्या माणसांनी जे जे सांगितलंय ते ऐकलंच नाही, आणि एकदम जाऊन उभं राहायचं? लिहिणाऱ्याने काय म्हणून क्रम लावलाय?”

“खड्ड्यात गेला तुझा क्रम!” माझा आवाज चढला. “लोकांनी व्हिडिओ टाकलेत. आख्खा धक्का आहे त्यात. पाच मिनिटांत दाखवता येईल तिला.”

तो एकदम थंड झाला. हातातलं पातेलं खाली ठेवून म्हणाला, “प्राची, तू तो व्हिडिओ बघून अम्मीला सांगितलंस, तर मी तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही.”

मी तणतणत घरी आले. असं कुठे असतं का? मरणाऱ्या माणसाला वाट बघायला लावायची, आणि ती कशासाठी, तर लिखाणाच्या इभ्रतीसाठी! मला तेव्हा त्याचा इतका राग आला होता. आता वाटतं, त्याला सगळं दिसत होतं. धक्का आला की अम्मीचा प्रश्न संपेल, आणि प्रश्न संपला की काय होईल याची त्याला भीती वाटत होती. म्हणून तो न्हाव्याशी बोलत होता. पण हे कळायला वेळ लागतो, आणि मला तर रागात काहीच कळत नाही.

व्हिडिओ मी त्याच दुपारी बघितला. लॉजच्या रिकाम्या खोलीत, उभ्या गाद्यांच्या मध्ये बसून. मी पुस्तकाचंही शेवटचं पान आधी वाचणारी बाई आहे, मला कुठली वाट बघवते?

नायक धक्क्यावर येतो. दोरांचं दुकान बंद आहे. शेजारचा जाळी विणणारा म्हातारा सांगतो, ते शीड दिसलं होतं ना, ते भलत्याच जहाजाचं निघालं. बाई दोन दिवस काही बोलली नाही. मग त्याच जहाजावर स्वयंपाकीण हवी होती, तर दुकानाला कुलूप लावून चढली आणि गेली. कुठे गेली ते माहीत नाही. बस. एवढंच. ती स्वतः दिसतसुद्धा नाही. एवढी वर्षं ताटकळलेले चाहते भडकले होते. कोणी लिहिलं होतं, ही काय चेष्टा आहे? सिंहासनमध्ये तिला केवढा मोठा प्रसंग मिळाला असता, व्हायोलिन वाजलं असतं, पाऊस पडला असता. आणि मी, सिंहासनची भक्तीण, तिथे फोन उलटा ठेवून बसले होते. म्हाताऱ्याच्या त्या तीन-चार वाक्यांत जे होतं ते मला आजवर कुठल्याच दरबारात सापडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी असरची अजान झाली आणि नदीम छत्री घेऊन मशिदीत गेला. मी खाटेशी बसून खालाचे पाय दाबत होते. तिने डोळे न उघडताच म्हटलं, “तुला ठावं हाय ना?”

“काय?”

“नाटकं नको करू. तुझ्या तोंडावर लिवलंय कालपासून.”

नदीमची धमकी कानात होती. तो एकदा ठरवलं की ठरवलं, अब्बांवर गेलाय. लहानपणापासूनचा दोस्त हातचा जाईल, हे मला पक्कं माहीत होतं. आणि समोर हे पाय होते, सुजलेले, थंड.

“सांग पोरी. माझ्याकडं टायम न्हाय त्याच्या त्या न्हाव्यासाठी.”

मी सांगितलं. हळूहळू, आमच्याच बोलीत, म्हाताऱ्याचा आवाज काढून. मला नदीमसारखं जमत नाही, पण जमेल तसं. खालाने डोळे उघडले. पूर्ण ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “सैपाकीन?”

“हो.”

“इतकी वरसं दोर इकले, आनि चालली भात रांधायला.” तिचं पोट हललं. ती हसत होती. हसताना दुखत होतं, तरी हसत होती. मग छताकडे बघत राहिली. “बरा केलान,” ती म्हणाली. “मी पन गेली असती. पन पदरात पोर होता.”

मी पाय दाबत राहिले. थोड्या वेळाने तिने माझं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता, पण धरलं.

“नदीमला बोलू नको. मना कलला म्हनून बोलू नको.”

मला वाटलं, ती माझी दोस्ती वाचवतेय. किंवा पोराच्या हट्टाचा मान राखतेय. मी मान हलवली.

नदीम आला, छत्री झटकली, तिच्या कपाळाला हात लावून बघितला आणि पडद्यासमोर बसला. आणि खाला म्हणाली, “भेटली काय रे ती बाई?”

त्या आवाजात काडीचा फरक नव्हता. क्षणभर मलाच वाटलं की मी तिला काही सांगितलंच नाही.

“येईल, अम्मी,” तो म्हणाला. “आता एकच गाव राहिलंय.” आणि त्याने वाचायला सुरुवात केली.

त्यानंतर ती थोडेच दिवस होती. रोज विचारायची. आवाज गेल्यावर ओठांनी विचारायची, आणि नदीम ओठांवरून ओळखून उत्तर द्यायचा. एका सकाळी मी पेज घेऊन गेले तर दारात चपला होत्या, खूप, आणि आतून कुराण वाचल्याचा आवाज येत होता. मी पेजेचं भांडं हातात धरून अंगणातच उभी राहिले. आत जायचं मला सुचेना.

मग नदीमने यंत्र ओढणीत गुंडाळलं, घराला कुलूप लावलं आणि न्हावा शेव्याला निघून गेला. ग्रुपमधूनही बाहेर पडला. मला वाटलं, दुःखाने. हळूहळू आमचं बोलणंही ईद-दिवाळीच्या शुभेच्छांपुरतं उरलं. बोलणं तोडायची धमकी त्याने मला दिली होती, आणि त्याला काही कळलेलं नसताना बोलणं तुटलंच. त्याच्याशी फोनवर बोलताना माझ्या जिभेवर ते एक वाक्य यायचं आणि मी ते गिळायचे. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडता येत नाही. तो माफ करायला परत येत नाही.

गेमांच्या लिखाणावर लोक मोठमोठे लेख लिहितात. कुठल्या मालिकेची पात्रं खोल, कुणाचे संवाद खरे, कुणाचा शेवट फसला. मी ते सगळे वाचते आणि भांडतेही. पण मला जेव्हा कोणी विचारतं की बंदर एवढी थोर का, तेव्हा मला त्यातलं काहीच सांगता येत नाही. मला ती खाट दिसते आणि तिथे बसून चाललेलं वाचन ऐकू येतं. ते वाचन कुठल्या लेखात घालणार?

या आठवड्यात नदीम आला. घराची कौलं सरकलीत, पाणी आत येतंय, म्हणून. राहायला लॉजवरच उतरला; त्याच्या घरात आता झोपण्यासारखं काही नाही. दुपारी पडवीत चहा घेऊन बसलो. पाऊस थांबला होता, पागोळ्या गळत होत्या, समोर ताडपत्र्या घातलेल्या होड्या. मी उत्साहाने फोन पुढे केला. “बघ तरी. दीपगृह आहे. नागपूरवाला म्हणतोय, उत्तरेला जाणार.”

त्याने फोन परत माझ्याकडे सरकवला. “नको. मी मागचाच संपवलेला नाही.”

“काय?”

“तिथेच थांबलोय. धक्क्याच्या अलीकडच्या गावात. त्या दिवशी सेव्ह केलं ते शेवटचं.”

एवढी वर्षं! ग्रुप सोडला तो यासाठी. कोणी चुकून धक्क्याबद्दल लिहील म्हणून.

“अम्मीला दुसरं काही नको होतं गं,” तो म्हणाला. कप दोन्ही हातांत धरला होता आणि त्याकडेच बघत होता. “रोज एवढंच विचारायची. आणि मी न्हाव्याशी बोलत बसलो. तू म्हणाली होतीस, सरळ जा. मी काय सांगितलं तुला? क्रम! तिचं ऐकायचं राहून गेलं, प्राची. मला यार्डात क्रेनखाली उभं असताना मध्येच आठवतं. तिचे ते ओठ. आता मी कुठल्या तोंडाने तो धक्का बघू?”

तो रडायला लागला. मोठा माणूस, अंगाने धिप्पाड, लहान मुलासारखा नाक पुसत. मी मनात म्हटलं, खाला, तू माझ्याकडून शब्द घेतलास तेव्हा तुला हे माहीत नव्हतं. आणि माहीत असूनही घेतला असलास तर माझ्याकडून तो आता पाळला जात नाही.

“तिचं राहिलं नाही,” मी म्हणाले. “मी तिला सांगितलं होतं.”

त्याने वर बघितलं.

“तू असरला गेला होतास. तिने विचारलं आणि मी सगळं सांगितलं. तुझी धमकी डावलून. तिने मला तुला सांगू नको म्हणून बजावलं.”

तो उठला. मला वाटलं, आता चालायला लागेल. पडवीच्या कडेपर्यंत गेला आणि खांबाला धरून पाठमोरा उभा राहिला. न वळताच त्याने विचारलं, “म्हणजे तिला माहीत होतं.”

“हो.”

“शेवटचे सगळे दिवस?”

“सगळे.”

“मग रोज विचारायची ते कशाला?”

हा प्रश्न मी स्वतःला कधी सरळ विचारला नव्हता. पण उत्तर तोंडात तयार असल्यासारखं आलं.

“तू तिच्याजवळून उठू नयेस म्हणून. तिने विचारलं की तू बसायचास आणि वाचायला लागायचास. तिला आणखी काय हवं होतं, नदीम? तू आणखी शंभर गावं फिरला असतास तरी तिला चाललं असतं.”

तो खांबावर कपाळ टेकून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. मी उठून जवळ गेले नाही. त्याला ते आवडत नाही. चहा गार झाला. मग तो परत येऊन माझ्यासमोर खुर्चीवर बसला, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, आणि हात मांडीवर ठेवून सरळ माझ्याकडे बघितलं.

“काय झालं दोरवालीचं?” तो म्हणाला. “अम्मीला सांगितलंस ना, तसंच सांग मला.”